झाकलेले पाप, उघडा पडणारा समाज

(रत्नागिरी येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



रत्नागिरीच्या माणसाला आंब्याविषयी काही सांगावे लागत नाही. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, हे येथील लहान मूलही जाणते. परंतु हापूसचा एक दोष याहूनही सूक्ष्म आहे. तो म्हणजे साका. फळ वरून देखणे, रंग सोनेरी, वास घमघमीत. सुरी फिरवल्यावर मात्र आत पांढुरका, आंबूस, निकामी गर निघतो. साका शेजारच्या फळाला लागत नाही. तो नासवतो ते नाव. पेटीतील एका फळात साका निघाला की गिऱ्हाईक उरलेल्या सर्व फळांकडे संशयाने पाहू लागते आणि पुढच्या वर्षी त्या बागेची पेटी घेताना दहा वेळा विचार करते.

हे नुकसान किती दूर पसरते, ते २०१४ साली दिसले. भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये २०१३ या एका वर्षात फळमाशी व अन्य किडी आढळल्या आणि युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयातच बंद केली. ती बंदी २०१५ च्या आरंभी उठली. दोष काही खेपांचा होता. मात्र ज्यांनी प्रत्येक फळ पारखून भरले होते, त्या बागायतदारांचीही दारे बंद झाली. परक्याच्या दृष्टीने पेटीवर एकच नाव होते, ‘भारत’.

धर्मसमाजाचेही असेच असते. व्यक्ती अनेक असतात, नाव एक असते. म्हणूनच ‘माझे पाप, माझ्यापुरते’ हा युक्तिवाद वरवर कितीही निरुपद्रवी वाटला, तरी तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

वाल्याचे कुटुंब आणि समाजाचे कुटुंब

हिंदू परंपरेत कर्माचा सिद्धांत वैयक्तिक आहे. वाल्या कोळ्याची कथा महाराष्ट्रातील घराघरांत सांगितली जाते. ज्यांच्यासाठी तो वाटमारी करीत होता, त्या बायकामुलांनी ‘तुझ्या पापात आम्ही वाटेकरी नाही’ असे स्पष्ट सांगितले आणि त्या एका उत्तराने वाल्याचे डोळे उघडले. जीव एकटा जन्मतो, एकटा मरतो आणि आपल्या सुकृत-दुष्कृताचे फळ एकटाच भोगतो, असे स्मृतिकारही सांगतात.

मग एकाच्या पापाने सर्वांची हानी होते, हे म्हणणे परंपरेला धरून आहे काय? येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. पाप वाटून घेता येत नाही. हानी मात्र न मागता वाटली जाते. वाल्याच्या मुलांच्या माथी त्याचे पातक आले नसेल, परंतु ‘वाटमाऱ्याची मुले’ हे नाव त्यांना चुकले नसते.

शास्त्रकार याहून एक पाऊल पुढे जातात. महापातकांची गणना करताना ब्रह्महत्या, सुरापान, चोरी आणि गुरुपत्नीगमन यांच्यानंतर पाचवे महापातक सांगितले आहे ते ‘संसर्ग’, म्हणजे जाणूनबुजून अशा पातक्याशी संबंध ठेवणे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात न्यायसभेविषयी असे म्हटले आहे, की सभेत अधर्म झाला तर त्याचा चौथा भाग करणाऱ्याकडे, चौथा साक्षीदाराकडे, चौथा सभासदांकडे आणि चौथा राजाकडे जातो. स्मृतींतील सर्वच व्यवस्था आज कोणी स्वीकारत नाही आणि स्वीकारूही नये. परंतु येथे जो विचार मांडला आहे तो चिरंतन आहे. ज्याने केले तो एक चतुर्थांशाचा धनी. उरलेले तीन भाग, ज्यांनी पाहिले, ज्यांनी ऐकले आणि ज्यांच्या हाती थांबवण्याची सत्ता होती, त्यांचे. पाप केवळ करण्याने वाढत नाही, ते झाकण्याने वाढते.

१८६२ चा धडा

या विचाराचा कस लागला तो मुंबईत, १८६२ साली. पुष्टिमार्ग हा श्रीवल्लभाचार्यांनी प्रवर्तित केलेला भक्तिसंप्रदाय. गुजराती वैष्णवांतील भाटिया, कपोळ आदी समाज त्याचे निष्ठावंत अनुयायी. त्यांचे आचार्य ‘महाराज’ म्हणून ओळखले जात. त्यांपैकी काहींच्या मंदिरांत भाविक स्त्रियांच्या श्रद्धेचा गैरफायदा घेतला जातो, ही गोष्ट त्या समाजात अनेकांना ठाऊक होती. ठाऊक होती, म्हणूनच कोणी बोलत नव्हते.

बोलला तो बाहेरचा कोणी धर्मद्वेष्टा नव्हता. करसनदास मूळजी हा त्याच संप्रदायात वाढलेला कपोळ वैष्णव तरुण. २१ ऑक्टोबर १८६० रोजी ‘सत्यप्रकाश’ या आपल्या गुजराती पत्रात त्याने हिंदूंचा मूळ धर्म आणि तत्कालीन पाखंडी मते या विषयावर लेख लिहिला आणि महाराजांच्या दुराचारावर बोट ठेवले. सुरतेचे जदुनाथजी महाराज यांनी त्याच्यावर पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला.

त्यानंतर समाजाने काय केले, हे आज विशेष मननीय आहे. भाटिया समाजातील काही पुढाऱ्यांनी सभा घेऊन ठरवले, की महाराजांविरुद्ध कोणीही साक्ष द्यायची नाही. जो देईल तो जातीबाहेर. न्यायालयाने हा साक्षीदारांना दडपण्याचा कट ठरवला आणि त्यांना शिक्षा झाली. विचार करावा, ही मंडळी दुराचारी नव्हती. आपापल्या घरी नेमधर्म पाळणारे, दानशूर, प्रतिष्ठित गृहस्थ होते. संप्रदायाची अब्रू वाचवावी, एवढाच त्यांचा हेतू असेल. परंतु त्या हेतूनेच ते परक्या सरकारच्या न्यायासनासमोर आरोपी म्हणून उभे राहिले.

मुख्य खटला जानेवारी १८६२ मध्ये मुंबईच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला. साक्ष देण्यास जे पुढे आले त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड हे एक होते. मूळचे गोव्याचे, मुंबईचे नामांकित वैद्य, प्राच्यविद्येचे गाढे अभ्यासक. आपल्या वैद्यकीय अनुभवातून जे ठाऊक होते ते त्यांनी शपथेवर सांगितले. २२ एप्रिल १८६२ रोजी निर्णय करसनदासाच्या बाजूने लागला. जे नीतीला धरून नाही ते धर्माला धरून असू शकत नाही, याच तत्त्वासाठी प्रतिवादी झगडत होता, असा अभिप्राय न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी नोंदवला. वास्तविक हे सांगण्यासाठी इंग्रज न्यायाधीशाची आवश्यकता नव्हती. धर्म आणि नीती यांची फारकत हिंदू संतांनी कधीच मान्य केली नव्हती. ते सांगण्याचे कर्तव्य ज्यांचे होते ते मौन राहिले, म्हणून परक्याला सांगावे लागले.

या मौनाची किंमत कोणी मोजली? दोषी महाराज थोडे होते. किंमत मोजली ती पहाटे उठून ठाकुरजींची सेवा करणाऱ्या हजारो निष्पाप वैष्णव कुटुंबांनी. १८६५ साली लंडनमध्ये या संप्रदायाच्या इतिहासावर ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यात या खटल्यातील साक्षी जगापुढे मांडल्या गेल्या. २०२४ साली याच प्रकरणावर चित्रपट निघाला, तेव्हा संप्रदायाचे अनुयायी गुजरात उच्च न्यायालयात गेले; तात्पुरती स्थगिती मिळाली, चित्रपट पाहिल्यावर न्यायालयाने ती उठवली. १६२ वर्षांनंतरही मूठभरांच्या पापाचा ओरखडा सबंध समाजाला जाणवत होता. वेळीच, आपल्याच माणसांनी, आपल्याच सभेत त्या महाराजांना जाब विचारला असता, तर ही वेळ येती ना.

चहाचे दोन पेले

आता दुसरी बाजू. समाजाने दोष शोधावेत हे खरे, पण कोणते? १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर काही प्रतिष्ठित हिंदूंसमोर चहा-बिस्किटे ठेवली गेली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि रत्नागिरीचे सुपुत्र लोकमान्य टिळकही. नावे वृत्तपत्रात छापून आली आणि ग्रामण्य सुरू झाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते सांगितली गेली. दीड-दोन वर्षे पुण्यातील विद्वानांची बुद्धी चहाच्या एका पेल्यात बुडाली होती.

त्याच काळात बालविधवांचे हाल, कर्जापायी होणारी कुळांची नागवण आणि अस्पृश्य म्हणून दूर लोटलेल्या बांधवांची विटंबना घरोघरी चालू होती. त्यांसाठी ग्रामण्य झाले नाही. ज्या कृत्याने कोणाचेही अहित झाले नाही त्याची चौकशी झाली, आणि ज्याने माणसे पोळली ते रूढीच्या पदराखाली झाकलेले राहिले. समाजाची पापाची व्याख्याच चुकली, की खरे पाप सुरक्षित राहते.

त्यानंतर ४३ वर्षांनी, १९३३ साली, याच रत्नागिरीत दुसरा चहा उकळला. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने अखिल हिंदू उपाहारगृह सुरू झाले. तेथे पूर्वास्पृश्य बांधवाच्या हातून चहा मिळे आणि भेटीस येणाऱ्याने आधी तेथे चहा घ्यावा, असा सावरकरांचा आग्रह असे. त्याआधी दोन वर्षे, २२ फेब्रुवारी १९३१ रोजी, दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या औदार्याने उभारलेले पतितपावन मंदिर सर्व हिंदूंसाठी खुले झाले होते.

या आग्रहामागे सावरकरांची एक मर्मभेदी जाण होती. सभेत हात वर करून अस्पृश्यता पाप आहे असे म्हणणारे पुष्कळ असतात. घरी गेल्यावर वेगळी कपबशी ठेवणारेही तेच असतात. हे पाप चार भिंतींच्या आत घडते. त्याची नोंद कोठे होत नाही. म्हणून सावरकरांनी केवळ व्याख्यानांवर विसंबून न राहता दसऱ्याला सोने आणि संक्रांतीला तिळगूळ घेऊन सर्व जातींच्या मंडळींना घरोघरी नेले. अंगणातून ओटीवर, ओटीवरून माजघरात. सात स्वदेशी बेड्यांत स्पर्शबंदी, रोटीबंदी आणि बेटीबंदी यांची नावे त्यांनी घेतली, कारण या बेड्या परक्याने घातलेल्या नव्हत्या. त्या घरच्याच होत्या.

घरातल्या त्या वेगळ्या कपबशीने काय केले? ज्याला ती पुढे केली गेली, त्याने ‘अमुक गृहस्थ वाईट आहे’ असे म्हटले नाही. ‘हा धर्म माझा नाही’ असे म्हटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या निर्णयाला त्यांचे स्वतःचे सखोल तत्त्वचिंतन होते. परंतु त्या लक्षावधींना घराबाहेर लोटण्यात हिंदू घरांतील छुप्या अपमानांचा वाटा होता, हे नाकारणे म्हणजे पुन्हा एकदा झाकणेच होय. याच जिल्ह्यातील पालगडचे साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषणास बसले. कोणी केलेल्या पापासाठी कोणी अन्न सोडावे? ज्याने भेद केला नव्हता, त्या माणसाने क्लेश घेतला. भेद करणारे जेवत होते.

प्रायश्चित्ताचा मार्ग

येथे एक शंका निघेल. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात ‘रहस्य प्रायश्चित्त’ सांगितले आहे. ज्याचा दोष लोकांत प्रसिद्ध आहे त्याने परिषदेच्या अनुमतीने व्रत करावे. ज्याचा दोष कोणास ठाऊक नाही त्याने गुप्तपणे करावे. मग गुप्त पाप गुप्तच राहू द्यावे, असे शास्त्र सांगते काय?

तसे नाही. रहस्य प्रायश्चित्त ही पश्चात्ताप झालेल्या माणसाला दिलेली वाट आहे, पाप करीत राहणाऱ्याला दिलेले पांघरूण नव्हे. दुसऱ्याच्या घरातून उचललेल्या किरकोळ वस्तूच्या चोरीसाठीसुद्धा मनुस्मृती कृच्छ्र सांगते, ते ती वस्तू परत केल्यानंतर. ज्याचे नेले त्याला दिल्यावाचून शुद्धी नाही. मनातला विकार देवापुढे एकांतात सांगता येईल. पण देवस्थानाच्या दानपेटीतील पैसा, अनाथ मुलाच्या शरीराची विटंबना, विधवेची बळकावलेली जमीन, यांचे प्रायश्चित्त बंद खोलीतील जपाने होत नाही. तेथे पीडित माणूस उभा आहे. त्याला न्याय मिळणे, हाच प्रायश्चित्ताचा पहिला मंत्र.

म्हणून संस्था चालवणाऱ्यांनी, मंदिराचे विश्वस्त असणाऱ्यांनी, घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्या जबाबदारीचा विचार करावा. मंदिराचा हिशेब दरवर्षी फलकावर लागला पाहिजे. मूल एखाद्या आदरणीय व्यक्तीविषयी काही सांगू लागले, तर ‘असे बोलू नये’ हे पहिले वाक्य असता कामा नये. आणि दोष उघड झाला तर ‘शत्रूंना आयते कोलीत मिळेल’ या भीतीने सांगणाऱ्याचे तोंड दाबू नये. कोलीत देणारा तो असतो, ज्याने आग लावली. ज्याने धूर दाखवला तो नव्हे. गुन्हा असेल तेथे पोलीस व न्यायालय आहेत. त्यांच्याकडे जाणे हा धर्मद्रोह नाही.

याबरोबरच दुसऱ्यांविषयीही हाच न्याय लावावा लागतो. एका हिंदूच्या पापावरून सर्व हिंदूंना दोष दिला तर तो अन्याय वाटतो. मग अन्य कोणा समाजातील एकाच्या पापावरून त्या सबंध समाजाला दोषी ठरवणे हाही अन्यायच आहे. पापाचा दंड ज्याचा त्याला. समाजाची कसोटी एवढीच, की त्याने ते झाकले की निस्तरले.

करसनदास, भाऊ दाजी, सावरकर, साने गुरुजी, या सर्वांवर त्यांच्या काळात धर्म बुडवल्याचा आरोप झाला. आज मागे वळून पाहता दिसते, की धर्माचे नाव त्यांच्यामुळेच राहिले. धर्माची अब्रू झाकण्यात नाही, धुण्यात आहे. आणि ते धुणे प्रत्येकाने आपल्या उंबरठ्याच्या आतूनच आरंभले पाहिजे.