परदेशातून परतल्यावर आलेलं जास्तीचं बिल

मलकापूर, खामगावहून हजला जाणारे, मुलांना भेटायला दुबई-अमेरिकेला जाणारे आपले लोक परतल्यावर कधी कधी मोबाइलचं बिल पाहून हादरतात. तिकडे फोन तर फारसा केलेलाच नसतो! पण खिशातला फोन स्वतःहून फोटो साठवतो, ॲप अद्ययावत करतो. विमानात फ्लाइट मोड सुरू नसेल, तर काही वेळा तो विमानातलंच नेटवर्क पकडतो. रोमिंगच्या साध्या पॅकमध्ये ते अनेकदा धरलेलं नसतं.

असं बिल मुकाट्याने भरू नका. आधी तपशीलवार बिल मागा. पासपोर्टवरचे शिक्के, बोर्डिंग पास, पॅक घेतल्याचा मेसेज जपून ठेवा आणि तारखा ताडून पाहा. मग कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवा. तिचा डॉकेट क्रमांक मिळतो, तो लिहून घ्या. पुढे सगळं त्यावरच चालतं. समाधान झालं नाही, तर 30 दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही, आणि निकाल 39 दिवसांत द्यावा लागतो.

तिथेही दाद मिळाली नाही, तर? दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे नेता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. सल्ल्यासाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात, म्हणजे बुलढाण्याच्या जिल्हा आयोगात करता येते. त्यासाठी मुंबईला खेटे घालायला नकोत, वकीलही सक्तीचा नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायला हवा.