सर विल्यम वेडरबर्न : परक्यांचा प्रतिनिधी



वार्षिक संमेलनातील या व्याख्यानात आपल्या ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र सांगावे, असा प्रघात आहे. आज आम्ही तो बाजूस ठेवीत आहोत. ज्यांची ओळख करून द्यावयाची आहे, ते सर विल्यम वेडरबर्न ना आपल्या ज्ञातीचे, ना आपल्या देशाचे. ते स्कॉटलंडचे रहिवासी आणि ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद होते. तथापि दख्खनच्या शेतकऱ्याच्या कर्जाचा विचार त्यांनी जितक्या आस्थेने केला, तितका आपल्यापैकी किती जणांनी केला असेल, हा प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो.

त्यांचा जन्म १८३८ साली एडिंबरो येथे झाला. त्यांचे एक वडीलबंधू १८५७ च्या उठावात हिस्सार येथे मारले गेले होते. अशा घरातील तरुणाने या देशाविषयी मनात अढी धरली असती, तर त्यात कोणास नवल वाटले नसते. वेडरबर्न १८६० साली मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत दाखल झाले आणि त्यांनी येथील रयतेचे दुःख जाणून घेण्यात आयुष्य वेचले.

त्या दुःखाचा स्फोट १८७५ च्या मे महिन्यात झाला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले होते, त्यातच सारा वाढला होता, आणि सावकाराचे व्याज तर थांबतच नव्हते. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोक सावकारांच्या दारी जमले. दंग्याचे लोण आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातही पसरले. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, लोकांचा रोष माणसांच्या जिवावर फारसा नव्हता, तो कागदांवर होता. कर्जरोखे मागून घ्यावेत आणि जाळावेत, हाच बहुतेक ठिकाणी त्यांचा उद्देश होता.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. शेतकरी लग्नकार्यात उधळपट्टी करतो म्हणून कर्जबाजारी होतो, हे मत तेव्हाही सुशिक्षितांच्या तोंडी होते. या कारणास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असा निर्वाळा त्या आयोगाने दिला. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

परंतु कायद्याने सावकाराचा हात धरला, तरी पेरणीच्या दिवशी शेतकऱ्याच्या हाती बियाण्याचे पैसे कोण देणार? वेडरबर्न यांनी नेमके हेच ओळखले. पुण्यास जिल्हा न्यायाधीश असताना त्यांनी शेतकी पेढीची योजना पुढे मांडली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्यांचे तीस साहाय्य होते. जुनी कर्जे आधी निवारावीत आणि मग पेढीने माफक व्याजाने नवे कर्ज द्यावे, अशी ती कल्पना होती. प्रयोगासाठी पुरंदर तालुका योजिला होता. लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दीत हिंदुस्थान सरकारही तिला अनुकूल झाले. पण लंडनच्या भारतमंत्र्यांनी मान्यता दिली नाही. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा व्हावयास १९०४ साल उजाडले.

१८८७ साली ते सेवानिवृत्त झाले. १८८९ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. योगायोग असा की त्या वर्षी प्रतिनिधींची संख्याही १८८९ भरली. पुढे १८९३ पासून १९०० पर्यंत ते स्कॉटलंडमधील बॅन्फशायरचे प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात बसले. त्यांस मते देणाऱ्यांचा दख्खनशी काय संबंध? आणि ज्या रयतेसाठी ते बोलत, तिला मताचा अधिकारच नव्हता. दादाभाई नौरोजींच्या बरोबरीने त्यांनी तेथे हिंदी पार्लमेंटरी समिती उभी केली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगातही हे दोघे सभासद होते, आणि त्याच आयोगापुढे १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी साक्ष दिली. पुढे १९१० साली, बहात्तराव्या वर्षी, अलाहाबाद अधिवेशनाचे अध्यक्षपद स्वीकारून ते पुन्हा येथे आले. हिंदू आणि मुसलमान पुढाऱ्यांस एकत्र बसविण्याची खटपटही त्यांनी त्या वेळी केली. १९१८ च्या जानेवारीत त्यांचे देहावसान झाले.

श्रोतेहो, आपले हे छत्रपती संभाजीनगर, त्या काळचे औरंगाबाद, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. वेडरबर्न यांच्या योजनेचा या भूमीशी साक्षात् संबंध आला नाही. मात्र कर्जाचे दुःख गोदावरीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे असे नसते. मराठवाड्यातील कित्येक घरांनी ते आजही सोसले आहे, आणि त्यांत आपल्या ज्ञातीची घरेही आहेत.

म्हणून शेवटी आपल्या घरातील गोष्ट बोलतो. आपल्या साहाय्यक निधीतून शिक्षणासाठी व औषधोपचारासाठी कर्ज मिळते; परंतु त्यास दोन पगारदार जामीन लागतात. शहरातील नोकरदारास ते सहज मिळतात. खेड्यातील विधवेस किंवा कोरडवाहू शेतकऱ्यास ते कोठून मिळावेत? ज्यास गरज अधिक त्यास दार बंद, असा हा नियम आहे. बुडीत कर्जाची भीती खरी आहे. निधी हा सर्वांच्या घामाचा आहे, हेही खरे. तथापि गावातील ओळखीच्या पाच जणांची सामुदायिक हमी पुरेशी मानून लहान रकमांचे कर्ज देऊन पाहता येईल. एका तालुक्यापासून आरंभ करावा, अनुभव पाहावा आणि मग पाऊल पुढे टाकावे.

लग्नातील खर्चावर आपण दरवर्षी ठराव करतो; तो अवश्य करावा. पण गरिबास उपदेश देणे सोपे आणि वेळेवर पैसा देणे कठीण, हे विसरू नये. वेडरबर्न यांनी कठीण ते पत्करले. ज्यांचे मत त्यांस कधीही मिळणार नव्हते, त्यांचे गाऱ्हाणे त्यांनी जगाच्या दुसऱ्या टोकास जाऊन मांडले. आज या सभागृहात येण्यासाठी ज्यांच्यापाशी गाडीभाडेही नव्हते, त्यांचे प्रतिनिधी आपणच आहोत. जामिनाच्या नियमाचा विचार सर्वसाधारण सभेने याच वर्षी करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.