वार्धक्य आणि देहश्रम
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात धायरी येथे केलेले भाषण)



उतारवयातील आरोग्य या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही वैद्य नव्हे. सारा जन्म मुलांना शिकविण्यात गेला. तथापि साठी उलटलेल्या मनुष्यास स्वतःचा देह हेच नित्याचे पाठ्यपुस्तक होऊन बसते. त्यातील एकच धडा आज आपणांपुढे ठेवावा असे योजिले आहे.

आपल्या ज्ञातीत वडीलधाऱ्यांचा मान राखला जातो, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु तो मान कोणत्या रूपाने दिला जातो? सेवानिवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळते आणि दुसऱ्या दिवसापासून आरामखुर्ची. आजोबा दळण आणावयास निघाले की नातू हातातील पिशवी काढून घेतो. आजी केर काढावयास वाकली की सून म्हणते, ‘आई, तुम्ही बसा.’ यात माया आहे, यात संशय नाही. पण ‘तुम्ही बसा’ हे दोन शब्द दिवसातून दहा वेळा ऐकणारा मनुष्य हळूहळू खरोखरच बसतो, आणि मग त्याला उठविण्यास दोघे जण लागतात.

असे का व्हावे? वयाबरोबर स्नायू झिजतात हे खरे. परंतु ज्या स्नायूला काम नाही तो अधिक वेगाने क्षीण होतो. मांड्या दुबळ्या झाल्या की तोल सावरत नाही. न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि काल हिंडता-फिरता असलेला माणूस अंथरुणास खिळतो. दोष मात्र सगळा वयाच्या माथी मारला जातो.

वास्तविक तो सगळा वयाचा नव्हे. १९९० साली अमेरिकेतील बॉस्टन येथे नव्वदीच्या घरातील दहा वृद्धांकडून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करविला गेला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या पायांचे बळ सरासरीने अडीचपटींहून अधिक झाले. नव्वदीत जे साधते ते साठीत का साधू नये?

आपल्या जवळचेच उदाहरण घ्यावयाचे तर मुठेच्या पैलतीरी हिंगणे आहे. तेथे १९०० साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आश्रमासाठी झोपडी बांधली आणि फर्ग्युसन कॉलेजातील अध्यापन सांभाळून ते पायी हिंगण्यास जात. सत्तरी उलटल्यावर त्यांनी संस्थेच्या कार्यार्थ जगाचा प्रवास केला. १९५८ साली ते भारतरत्न झाले आणि १९६२ साली वयाची १०४ वर्षे पुरी करून निवर्तले. सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते पंडित सातवळेकर हेही १९६८ साली वयाची शंभरी ओलांडून गेले. अशा दोन शतायुषींवरून नियम बांधता येत नाही. आनुवंशिकता आणि दैव यांचाही वाटा असतोच. परंतु एक गोष्ट ध्यानी घ्यावी: अण्णासाहेब कर्वे प्रकृतीसाठी चालत नव्हते, काम बोलावीत होते म्हणून चालत होते. म्हाताऱ्या देहाला प्रयोजन लागते.

आता व्यवहाराचे बोलू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे: आठवड्यास निदान दीडशे मिनिटे झपझप चालणे, दोन दिवस बळाचा व्यायाम आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम. यास पैसा लागत नाही. धायरी फाट्यावरील गर्दी वाढण्यापूर्वी पहाटे निघावे. झेपेल त्याने धारेश्वराची चढण चढावी. हातांचा टेकू न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठावे. भिंतीजवळ उभे राहून क्षणभर एका पायावर तोल धरावा. भगिनींनी हे विशेषेकरून करावे, कारण उतारवयात त्यांची हाडे लवकर ठिसूळ होतात. रात्री चहा-बिस्किटांवर भागवू नये. डाळ, उसळ, दूध, दही पोटात जाऊ द्यावे. वाग्भटाने अर्ध्या शक्तीपर्यंतच व्यायाम सांगितला आहे, त्याचा विसर नको. आणि ज्यांना हृदयविकार वा चक्कर आहे त्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे.

तरुणांना विनंती अशी, की आजोबांच्या हातातील पिशवी काढून घेऊ नका, त्यांच्यासोबत चाला. ज्येष्ठांना सांगणे असे, की घरातील एक तरी काम हट्टाने आपल्याकडे ठेवा. आणि मंडळास एक सूचना: पुढील वर्षी पंचाहत्तरी पुरी केलेल्यांचा सत्कार करताना शाल अवश्य द्यावी, पण त्यांच्यापैकी ज्यांचे पाय चालतात त्यांच्याकडे आळीतील घरोघरी जाऊन संमेलनाचे निमंत्रण देण्याचे काम सोपवावे. त्या निमित्ताने चार माणसे भेटतील, चार जिने चढले जातील, आणि आपल्यावाचून मंडळाचे अडते याचे समाधान लाभेल.