'गहू' असं शोधून गहू सापडत नाही: पाकिटाची मागची बाजू कशी वाचायची

आजचा भाग हातात काहीतरी घेऊन ऐका. घरात असाल तर एखादं पाकीट उचला. चिवडा, बिस्किटं, मसाला, काहीही चालेल. पाकीट उलटं करा, जिथे मुंगीएवढी अक्षरं असतात तिथला मोबाइलवर फोटो काढा आणि झूम करा. भिंगापेक्षा हे बरं पडतं.

हा विषय माझ्या घरात आला तो ताईमुळे. तिला सीलिअ‍ॅक डिसीज आहे. गहू, जव म्हणजे बार्ली, आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की तिची प्रतिकारशक्ती तिच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. यात 'चवीपुरतं चालतं' असं काही नसतं. त्यात दरवेळी पोट दुखेलच असंही नाही. आतलं नुकसान गुपचूप चालू राहू शकतं. त्यामुळे 'खाऊन बघू, काही होतंय का' हा प्रयोग बाद. उरलं फक्त लेबल.

आता लेबल वाचायचं म्हणजे आपण काय करतो? कंट्रोल-एफ! 'व्हीट' शब्द शोधायचा, सापडला तर पाकीट परत फडताळात. मी रोज कोड लिहितो, म्हणून सांगतो, हा सर्च दोन्ही बाजूंनी फसतो. 'बकव्हीट' मध्ये व्हीट आहे, पण तो कुट्टू, त्यात ग्लुटेन नाही. 'मोनोसोडियम ग्लुटामेट' वाचून लोक घाबरतात, त्याचाही ग्लुटेनशी संबंध नाही. उलट 'माल्ट एक्स्ट्रॅक्ट' मध्ये व्हीट कुठेच दिसत नाही, पण तो बहुतेक वेळा बार्लीचा असतो. कॉर्नफ्लेक्स मक्याचे म्हणून बिनधास्त घेतले, तर पुष्कळदा त्यात हा माल्ट असतो. सोया सॉस सोयाबीनचा, पण नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहूही असतो. आणि आमच्या आईची अडचण तर आणखी साधी होती. लेबल इंग्रजीत, तिथे लिहिलेलं 'सेमोलिना'. सेमोलिना म्हणजे आपला रवा, हे तिला कोण सांगणार? मग मी रवा, मैदा, दलिया, माल्ट यांची लेबलवरची नावं मराठी अर्थासकट एका फोटोवर लिहून तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पिन केली. आजवर बनवलेलं माझं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं 'अ‍ॅप' हेच.

खरी गंमत हिंगाची आहे. शुद्ध हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळातला चीक, तो इतका उग्र असतो की तसाच वापरणं अवघड. म्हणून डबीतल्या हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ अनेकदा गव्हाचं. आता हा हिंग मसाल्यात गेला, मसाला शेवेत गेला. शेव बेसनाची, तरी गहू आत! ज्यांनी कोडमध्ये डिपेंडन्सीची डिपेंडन्सी शोधली आहे त्यांना हे दुखणं कळेल. वर आपल्या नियमात एक सूट आहे: असा मिश्र घटक पदार्थात ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याच्या आतले सगळे घटक फोडून लिहावे लागत नाहीत. हिंग ५ टक्के कोण घालतं?

म्हणून घटकांच्या यादीआधी अ‍ॅलर्जीची ओळ शोधा. ती 'कंटेन्स' या शब्दाने सुरू होते. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले प्राणी, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन, आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट, एवढं तिथे सांगावं लागतं. 'मे कंटेन' म्हणजे मुद्दाम घातलेलं नाही, पण त्याच यंत्रावरून वगैरे आलेलं असू शकतं. ताईसाठी आम्ही 'मे कंटेन व्हीट' सुद्धा घेत नाही. 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं, त्या शब्दांवर मात्र विसंबता येतं.

दुधाचं प्रकरण वेगळं, आणि इथे लोक सर्रास गल्लत करतात. लॅक्टोज न पचणं म्हणजे दुधातली साखर पचत नाही. गॅस होतो, पोट बिघडतं, पण थोडं दही बहुतेकांना चालून जातं. दुधाची अ‍ॅलर्जी म्हणजे दुधातल्या प्रोटीनची. तिथे श्वास अडकण्यापर्यंत वेळ येऊ शकते. 'लॅक्टोज फ्री' दुधात साखर फोडलेली असते, प्रोटीन तसंच राहतं. अ‍ॅलर्जीवाल्या मुलाला ते देणं धोक्याचं. आणि 'नॉन-डेअरी क्रीमर' च्या मागे बघा, बऱ्याचदा 'सोडियम केसिनेट' सापडेल, म्हणजे दुधाचंच प्रोटीन. हिरव्या ठिपक्याचा इथे उपयोग नाही, दूध शाकाहारीच धरलं जातं.

तीळ आणि मोहरी आपल्याकडच्या त्या यादीत नाहीत. युरोपात दोन्ही आहेत, अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ आला. इथे मात्र ज्याला मोहरीचा त्रास आहे त्याने 'स्पायसेस अँड कॉन्डिमेंट्स' एवढंच लिहिलेलं असेल तर पाकिटावरच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर मेल टाकून विचारावं. उत्तर येईपर्यंत खाऊ नये.

बारकोड स्कॅन करणारी अ‍ॅप्स? मी वापरतो, पण फक्त चाळणी म्हणून. त्यांची माहिती कुणीतरी कधीतरी भरलेली असते, कंपनी रेसिपी बदलते आणि पाकिटाचं चित्र तेच राहतं. दहा मिनिटांत घरी सामान आणणाऱ्या अ‍ॅपवरचा फोटोही जुना असू शकतो. हातातलं पाकीट खरं, आणि ते दरवेळी वाचायचं, नेहमीचा ब्रँड असला तरी.

एक गोष्ट राहिली, आणि ती ऐकूनच प्लेअर बंद करा. हे सगळं ऐकून 'मलाही गहू सोसत नसावा' असं वाटलं, तर उद्यापासून पोळी बंद करू नका. सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची असते. महिनाभर सोडून मग तपासलं तर आजार असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. आधी डॉक्टर, मग तपासणी, मग हवं तर पोळी बंद.

कुठल्या पाकिटावरचा शब्द अडला तर फोटो पाठवा, पुढच्या भागात घेऊ.