अहवाल आणि कोयता

‘ऊसतोड कामगारांच्या समस्या’ हा विषय अहवालासाठी फार अघळपघळ आहे. ‘बीड जिल्ह्यातल्या एका गावात, आईवडील तोडीला गेल्यावर मागे राहिलेल्या मुलांची शाळा कशी चालते?’ हा झाला प्रश्न. सगळा अहवाल त्याच्याभोवती बांधा. आधी कोणी काय लिहिलंय ते थोडक्यात सांगा. तुम्ही कोणाला, कधी, कसं भेटलात ते मात्र सविस्तर. बहुतेक अहवाल इथेच लंगडे पडतात. वीस घरं निवडलीत, तर तीच का?

शब्दांकडे कान द्या. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम ‘दहा कोयते’ म्हणतो, तेव्हा सहसा ती नवरा-बायकोच्या दहा जोड्यांची मोजणी असते. उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, तीही जोडीला मिळून. घरच्या कर्त्याला ‘तुमची मजुरी किती?’ एवढंच विचारलंत, तर बाईचे कष्ट तुमच्या तक्त्यात उमटणारच नाहीत.

संमती घ्या, नावं बदला. उचलीच्या कर्जाची गोष्ट कोणाची, ते गावात लगेच ओळखू येतं. ऐकलेलं आणि तुमचं मत वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवा. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा. आणि उन्हाळ्यात तोडीला गेलेली माणसं गावी परतली, की त्यांच्या ओसरीवर बसून अहवाल त्यांना वाचून दाखवा.