चिलखती पोलाद आणि १२.७ मिलिमीटरची गोळी

१२.७ मिलिमीटर व्यासाची रायफलची गोळी सुमारे ४५ ग्रॅम वजनाची असते आणि सेकंदाला जवळपास ८८० मीटर वेगाने नळीबाहेर पडते. चिलखतभेदी प्रकारात तांब्याच्या मिश्रधातूच्या आवरणाखाली कठीण पोलादाचा गाभा असतो. आदळताच आवरण फाटते, गाभा पुढे घुसतो.

चाचणीसाठी जाड पोलादी प्लेट चौकटीत घट्ट बसवतात. वाटेतल्या दोन संवेदक पडद्यांमधले अंतर कापायला लागलेल्या वेळेवरून गोळीचा वेग निघतो. प्लेटमागे सुमारे १५ सेंटिमीटरवर अर्धा मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. हा साधा पत्राच खरा साक्षीदार. त्यातल्या भोकातून उजेड दिसला, तर प्लेट भेदली गेली असे धरतात. मग ते भोक गोळीने पाडलेले असो वा प्लेटच्या मागून उडालेल्या कपचीने. चिलखताआडच्या माणसाचा जीव कपचीनेही जाऊ शकतो, म्हणून हा निकष अगदी योग्य आहे.

एका गोळीवरून निकाल लागत नाही. दारूचे प्रमाण बदलून वेग कमी-जास्त करतात आणि निम्म्या गोळ्या आरपार जातील असा वेग काढतात. त्याला व्ही-५० म्हणतात. प्लेट तिरकी केली की हा आकडा सहसा वाढतो. त्यामुळे आदळण्याच्या कोनाची नोंद नसेल, तर निकालाला अर्थ उरत नाही.