आरोग्यसेविकेचे वेतन आणि तिचा अधिकार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आयुष्यभर मी सार्वजनिक आयव्यय हा विषय शिकवला. शासनाच्या आरोग्यखर्चाची टक्केवारी फळ्यावर मांडली. परंतु ज्या श्रमांचे पुरते मोल शासन देत नाही म्हणून त्याला हा खर्च थोडा दाखविता येतो, ते खेड्यातील बाईचे श्रम माझ्या कोष्टकात कधी आले नाहीत. ती चूक आज थोडीफार दुरुस्त करावयाची आहे, आणि आरंभ आपल्याच घरापासून केलेला बरा.

२ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता राजवटीने ग्रामीण आरोग्यरक्षकांची योजना सुरू केली. समाजवादी चळवळीतून आलेले राजनारायण तेव्हा आरोग्यमंत्री होते. हजार वस्तीमागे एक, गावानेच निवडलेला रक्षक. तीन महिन्यांचे शिक्षण. दरमहा ५० रुपये मानधन. लोकांचे आरोग्य लोकांच्या हाती सोपवावयाचे, ही त्यामागील भूमिका. भूमिकेत खोट नव्हती. पण निवडले गेले ते बहुतांशी पुरुष, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत ज्यांना प्रवेशच नाही असे. १९८१ मध्ये योजनेचे नाव बदलले, मानधन मात्र ५० रुपयांवरच अडून राहिले, आणि योजना हळूहळू विझली. लोकांच्या हाती काम दिले गेले. पैसा आणि अधिकार वरच राहिले.

याच महाराष्ट्रात त्याआधी, १९७० पासून, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला वेगळी वाट पाडली होती. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात रुजेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच स्त्रिया निवडल्या. पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित. त्यांना एकदा शिकवून सोडून दिले नाही; पुन्हा पुन्हा बोलावून शिकवले.

गडचिरोलीचा अनुभव तर अर्थशास्त्रज्ञाला खडबडून जागे करणारा आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकाची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. जंतुदोष ओळखणे आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हेही त्यात होते. हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या महिन्यात ६२ बालके दगावत. तिसऱ्या वर्षी तो आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे, २०११ मध्ये, शासनाने ही पद्धत देशभरच्या आशा सेविकांकडे सोपवली. बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी बाळंतपण झाले असल्यास सात. त्या सर्वांचे मिळून २५० रुपये. म्हणजे एका भेटीचे जेमतेम ४२. आणि इंजेक्शन? ते आशांच्या हाती आले नाही. गडचिरोलीचे पायपिटीचे काम उचलले गेले. तिथल्या बाईला दिलेला विश्वास मागेच राहिला.

नगावर मजुरी देण्याच्या या पद्धतीचा आणखी एक दोष आहे. ज्या कामाला दर नाही, ते कागदावर उमटतच नाही. गरोदर स्त्रीला एचआयव्हीची लागण असल्याचे निष्पन्न झाले, तर उपचारांअभावी बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ती ५ टक्क्यांखाली आणता येते. परंतु गोळ्या रोज घेतल्या जाव्यात, सासरी गवगवा होऊ नये, नवऱ्याने तपासणीला यावे, यासाठी कुणीतरी तिच्याजवळ वारंवार बसावे लागते. या बसण्याला कुठला दर लावणार? शिवाय सेविका शेजारीण असणे हे बळ आहे, तसा धोकाही. संमतीवाचून कुणाची लागण उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. पण गुपित राखण्याचे बळ शिक्षणातून आणि प्रतिष्ठेतून येते, परिपत्रकातून नव्हे.

सांगलीकडे यासाठीच पाहावे. तेथे ‘संग्राम’ने १९९२ पासून वेश्याव्यवसायातील स्त्रियांनाच निरोधवाटपाचे आणि प्रबोधनाचे काम सोपवले, १९९६ मध्ये त्या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली, ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. पुढे अमेरिकी मदतीला अट जोडली गेली : वेश्याव्यवसायाला आपला विरोध असल्याचे धोरण संस्थेने जाहीर करावे. ज्या बायकांच्या बळावर काम उभे होते, त्यांच्याच विरुद्ध सही! संस्थेने ती नाकारली आणि २००५ मध्ये त्या पैशावर पाणी सोडले. परकी मदत कशी आटते, हे २०२५ च्या जानेवारीत जगाने पाहिले. अमेरिकेने एका आदेशासरशी हात आखडता घेतला आणि आफ्रिकेतील एचआयव्हीच्या दवाखान्यांतून समाजातले कार्यकर्तेच आधी घरी बसले. आपल्या देशात एचआयव्हीच्या औषधांचा भार मुख्यतः आपला खजिना वाहतो, ही जमेची बाजू. पण दाता दिल्लीचा असला म्हणून गावच्या सेविकेचे परावलंबन कमी होते असे नाही.

२०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी राज्यातील आशा सेविका संपावर गेल्या, आझाद मैदानात बसल्या. आपण पाठिंब्याची पत्रके काढली, ते योग्यच झाले. पण आपली मागणी मानधनवाढीपाशी थांबली. त्यांना ‘स्वयंसेविका’ न मानता कर्मचारी मानावे, हे तर हवेच. त्याबरोबर औषधे देण्याचा वाढता अधिकार, दरवर्षीचे शिक्षण आणि प्राथमिक आरोग्यकेंद्राला गावापुढे जाब विचारण्याची सोय हीही मागितली पाहिजे. पुरवठाच थांबला तर त्या बाईने काय करावे? २००७ पासून आपल्या राज्यात लोकाधारित देखरेखीचा प्रयोग काही जिल्ह्यांत झाला आहे. जनसुनावणीत डॉक्टर आणि गावकरी समोरासमोर बसले आहेत. आपले किती कार्यकर्ते तिथे हजर होते?

ग्राम आरोग्य समितीला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा अबंधित निधी ठेवला. रक्कम क्षुल्लक आहे. पण गावाने ठरवून खर्च करावा असा आरोग्याचा पैसा याखेरीज फारसा नाही. मध्यंतरी एका तालुक्यात आपल्याच विचारांच्या पंचायत सदस्यांना मी विचारले, गेल्या वर्षी हा पैसा कशावर खर्च झाला? एकाने खुर्च्या म्हटले, दुसऱ्याने फलक. बाकीच्यांना अशी समिती आपल्या गावात आहे, हेच ठाऊक नव्हते. मागच्या रांगेत बसलेल्या आशा सेविकेला ते ठाऊक होते; तिला कुणी विचारले नव्हते.